गाळाचा रकाना

मंगळवारी सकाळी ‘निकष’ने सूचना दिली तेव्हा शलाका भोईटेला ती खोटीच वाटली. पडद्यावर एकच ओळ होती. मिरजेच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात फोन उचलल्यापासून गाडीला आदेश जाईपर्यंतचा सरासरी वेळ गेल्या चार महिन्यांत तीन दशांश सेकंदाने वाढला आहे. कारण अज्ञात.

तीन दशांश सेकंद म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. दुसरं कुणी असतं तर ती ओळ बाजूला सारून चहाला गेलं असतं. पण ‘निकष’ हे हत्यार शलाकानेच घडवलं होतं, आणि त्याने ‘कारण अज्ञात’ म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

शलाका कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. दक्षिण महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी कुणीही फोन लावला की तो मिरजेच्या कक्षात जाई, आणि तिथलं सगळं काम या कंपनीच्या प्रणालीवर चाले. यंत्र बोलणं ऐकून फॉर्म भरे, आजाराचा अंदाज बांधे, जवळची मोकळी गाडी शोधे. शेवटचा होकार मात्र माणसाने द्यायचा, असा कायदा होता. दर दहा दिवसांनी प्रणालीची नवी आवृत्ती निघे. ती जुन्या आवृत्तीपेक्षा संथ होऊ नये यावर पहारा ठेवणं, हे शलाकाचं काम.

काम ऐकायला सोपं, करायला किचकट. सॉफ्टवेअर एका दिवसात आडवं झालं तर सगळ्यांना कळतं. ते दर खेपेला केसाएवढं जड होत गेलं तर कुणालाच कळत नाही. जुनी साधनं नव्या आवृत्तीची तुलना आदल्या आवृत्तीशी करत आणि दोन टक्क्यांच्या आतला फरक सोडून देत, कारण तेवढा फरक नेटवर्कच्या गर्दीनेही पडतो. पण अर्ध्या अर्ध्या टक्क्याची घसरण चाळीस आवृत्त्या चालू राहिली तर? प्रत्येक आवृत्ती परीक्षेत पास, आणि वर्षभराने पाहावं तर प्रणाली वीस टक्क्यांनी मंद. ‘निकष’ फक्त आदल्या आवृत्तीकडे बघत नसे. तो दोन वर्षांची सगळी मोजमापं एकत्र मांडे आणि त्यांच्या आलेखाची रेघ नेमकी कुठे वाकली ते शोधे.

त्यात मोठी अडचण माणसाची होती. आदेश जाईपर्यंतच्या चाळीस सेकंदांतला निम्मा वेळ माणूस घेतो. कुणाची बोटं भरभर चालतात, कुणी दोनदा वाचून मग होकार देतं, जेवणानंतर सगळेच सुस्तावतात. या गोंगाटात यंत्राचे शतांश सेकंद ऐकू येणार कसे? शलाकाने त्यावर तोड काढली होती. कक्षात तिन्ही पाळ्यांचे मिळून चोवीस जण काम करत. कुठल्या पायरीला कोण किती वेळ घेतं, ते ‘निकष’ने आधी शिकून घ्यायचं आणि प्रत्येकाची ती मूळ चाल एकूण वेळातून वजा करायची. उरेल तो यंत्राचा वेळ. माणसांचा वेळ एका वेगळ्या रकान्यात साठत राही. ऑफिसात त्याला ‘गाळ’ म्हणत. पाणी गाळून घेतलं की फडक्यात राहतो तसला. तो रकाना उघडून बघायची कुणाला गरज पडली नव्हती.

शलाकाने आधी नेहमीची रीत वापरली. चार महिन्यांत बारा आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यांत मिळून तीनशे सेहेचाळीस बदल. मधला बदल धरायचा, तिथपर्यंतची प्रणाली उभी करायची आणि मोजायचं. दोष त्याच्या आधीचा की नंतरचा ते कळलं की अर्धे बदल सुटले. असं करत नऊ खेपांत गुन्हेगार एकटा सापडतो. नऊ खेपा झाल्या. चार वाजून गेले. गुन्हेगार सापडला नाही. प्रणाली चार महिन्यांपूर्वी होती तेवढीच चपळ होती.

मग तिने रेघ मोठी करून पाहिली. सॉफ्टवेअरचा दोष जिन्याच्या पायरीसारखा दिसतो. नवी आवृत्ती ज्या दिवशी चढते, त्या दिवशी रेघ उडी घेते. ही रेघ उडी घेत नव्हती. ती दिवसादिवसाने कलत होती.

शलाकाने गाळाचा रकाना उघडला.

कंपनीला कक्षातल्या कुणाची नावं कळत नसत, फक्त नंबर कळत. तेवीस रेघा सपाट होत्या. सतरा नंबरची वर चढत होती. एकटी सतरा नंबर पूर्वीपेक्षा सरासरी साडेसात सेकंद जास्त घेत होती आणि चोवीस जणांत वाटले जाऊन त्यांचे तीन दशांश होत होते. शलाकाने पायऱ्या सुट्या केल्या. फोन उचलणं, पहिला प्रश्न, आजाराची नोंद, होकार, सगळं जिथल्या तिथे. बोटांचा वेगही तोच. उशीर फक्त एका ठिकाणी होता: गावाचं नाव ऐकल्यापासून ते नाव निवडेपर्यंत.

सतरा हा आकडा तिने शेकडो वेळा पाहिला होता. तिच्या ताईच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर.

*

ताई म्हणजे उज्ज्वला मगदूम, वय त्रेपन्न. शलाकापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा शलाका तेरा वर्षांची होती आणि ताईचं नुकतंच लग्न झालेलं. ताईने बहिणीला आपल्या सासरी मिरजेला आणलं, शिकवलं, आजारपणं काढली. एकोणीस वर्षं ती कक्षात फोन घेत होती. त्या भागातलं गाव, वाडी, वस्ती, मळा असं काही नव्हतं जे तिला ठाऊक नसे. नकाशावर एकाच नावाची दोन गावं आली की यंत्र थांबे आणि माणसाला विचारी. बाकीचे तालुका विचारत. घाबरलेल्या माणसाला तालुका आठवत नाही. ताई विचारी, “बाजाराला कुठं जाता?” आणि एका प्रश्नात गाव मिळे. नवीन मुलींना तिच्या शेजारी बसवून हे शिकवत.

आई अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली होती. शेवटची चार वर्षं तिला घरातली माणसंही ओळखू येत नव्हती. त्या काळी घरात एवढंच म्हणत, की तिच्या डोक्यावर परिणाम झाला.

गुरुवारी शलाकाने रजा टाकली आणि सांगलीत डॉक्टर मुजावरांना गाठलं. मेंदूविकारांत त्यांचं नाव होतं. एका मैत्रिणीचे आकडे आहेत असं सांगून तिने आलेख त्यांच्यापुढे ठेवला.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. “हे कुठल्या तपासणीतून आलं?”

“तपासणी नाही. रोजच्या कामातून मोजलंय. सतरा हजार फोन आहेत.”

“आमच्याकडे माणूस येतो तेव्हा आम्ही त्याला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतो. चांगली शिकलेली, हुशार बाई ती परीक्षा पुढची पाच-सहा वर्षं सहज पास होईल.” त्यांनी चष्मा काढला. “एका आलेखावरून निदान होत नसतं. पण मैत्रिणीच्या घरात कुणाला हे होतं का?”

“आईला.”

“मग त्यांना या आठवड्यात घेऊन या. आता महिन्याला एक सलाइन द्यायचा उपचार आहे. गेलेलं परत येत नाही, पण घसरण पुष्कळ लांबवता येते. जितकं लवकर, तितकं जास्त हाताला लागतं.”

“आणि तिचं काम?”

“काय करतात त्या?”

शलाकाने सांगितलं नाही. डॉक्टरांनीही पुन्हा विचारलं नाही.

*

शुक्रवारी आठवड्याचा आढावा असे. उघडी राहिलेली प्रत्येक सूचना कारण लिहून बंद करावी लागे. शलाकाचे साहेब देशमाने शांत, सरळ माणूस. त्यांनी यादीवर नजर टाकली.

“मिरजेचं काय झालं?”

“सॉफ्टवेअर स्वच्छ आहे सर. नऊ खेपा केल्या.”

“मग?”

खरं सांगितलं असतं तर कराराप्रमाणे ते संध्याकाळपर्यंत कक्षाला कळलं असतं आणि सतरा नंबरला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं असतं. तेवीस दिवसांवर ताईच्या ऋतुजाचं लग्न होतं. मुलाकडचे चांगले होते, पण मुलीच्या आजीला आणि आईला एकच आजार, हे ऐकून कोण काय म्हणेल याचा भरवसा नव्हता. लग्न पार पडू दे, मग ताईला समोर बसवून सांगायचं आणि स्वतः डॉक्टरांकडे न्यायचं, असं शलाकाने आदल्या रात्रीच ठरवून टाकलं होतं.

“मापनातला गोंगाट आहे,” ती म्हणाली. “एकाची मूळ चाल जुनी झाली होती. पुन्हा शिकवते.”

देशमान्यांनी मान डोलावली. जागेवर येऊन शलाकाने सतरा नंबर निवडला आणि ‘मूळ चाल पुन्हा शिकवा’ हे बटण दाबलं. ‘निकष’ने गेल्या महिन्याभराचे फोन वाचले आणि ताईचा उशीर हीच तिची चाल असं मानून घेतलं. मिरजेची सूचना मिटली. कारण या ठिकाणी ‘गोंगाट’ असा शब्द पडला, पुढे तारीख आणि शलाकाचं नाव.

रविवारी ती मिरजेला गेली. मनात कुठेतरी होतं, की ताईला पाहिल्यावर सांगून टाकावं. ताई पलंगभर साड्या मांडून बसली होती. कुणाला कुठली द्यायची ते कागदावर न बघता दाजींना सांगत होती आणि दाजी प्रत्येक साडीवर चिठ्ठी टाचत होते.

“मोठ्या जाऊबाईंना ती मोरपिशी. त्यांना आधीच्या लग्नात पिवळी दिली होती, ती आवडली नव्हती,” ताई म्हणाली. आठ वर्षांपूर्वीचं ते लग्न. शलाकाला कुणाला काय दिलं होतं यातलं काही आठवत नव्हतं.

“काय गं, अशी का बघतीयस?”

“काही नाही. दमलेली दिसतीयस.”

“दमायला काय झालं? ड्यूटीवर जरा डोकं जड होतं हल्ली. नाव ऐकू येतं, पण हाताशी यायला वेळ लागतो. या गडबडीनं असेल.” तिने पुढची साडी उचलली. “लग्न झालं की चार दिवस झोपणार आहे मी.”

तेव्हा सांगता आलं असतं. ताईनेच दार उघडून दिलं होतं. शलाका म्हणाली, “रजा टाक की आत्तापासून.”

“आत्तापासून टाकली तर लग्नात कोण देईल?”

शलाकाने चिठ्ठ्या टाचायला घेतल्या.

*

आढाव्यानंतरच्या अठराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, पुण्याजवळच्या चाकणच्या एका कारखान्यातून सागर चौगुले नावाच्या माणसाने थेट मिरजेच्या कक्षाला फोन केला. त्याची बायको मेघा गावी होती. दम्याचा झटका आला म्हणून तिने नवऱ्याला फोन लावला होता आणि दोन वाक्यांनंतर तिला बोलता येईना. सागरचा फोन चाकणमध्ये असल्यामुळे यंत्राला ठिकाण कळत नव्हतं. त्याने गाव सांगितलं, लिंगनूर. यंत्राने एक मिरजेकडचं आणि एक कागलकडचं अशी दोन लिंगनूर पुढे केली आणि ते थांबलं. फोन सतरा नंबरवर होता.

“बाजाराला कुठं जाता?” ताईने विचारलं.

“आरगला.”

एवढ्यावर गाव कळायला हवं होतं. पुढे सोळा सेकंद शांतता. मग ताईने पुन्हा विचारलं, बाजाराला कुठं जाता? त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा तिने तेच विचारलं तेव्हा तो ओरडला. एकूण सत्तर सेकंदांनी ताईने बरोबर लिंगनूर निवडलं.

त्या सत्तर सेकंदांत आरगला उभी असलेली गाडी दुसऱ्या एका फोनला गेली. तिथे एक माणूस शिडीवरून पडला होता आणि त्याचा पाय मोडला होता. लिंगनूरला गाडी मिरजेहून निघाली. सहा मिनिटांऐवजी एकवीस मिनिटांनी पोचली. मेघा चौगुले एकोणतीस वर्षांची होती. गाडी दारात आली तेव्हा शेजारच्या बायका तिच्या अंगावर पांघरूण घालत होत्या.

‘निकष’ला त्यात वावगं काही दिसलं नाही. एक फोन लांबला, एवढंच. सतरा नंबरची चाल तशीच होती.

रविवारी ऋतुजाचं लग्न झालं. ताई पंगतीत फिरत होती, हसत होती. निघताना शलाकाला म्हणाली, “मंगळवारी माझ्या फोनवरची एक बाई गेली. काय झालं तेच मला नीट आठवत नाही.”

*

चौकशी तीन आठवड्यांनी मिरजेतच, कक्षाच्या बैठकीच्या खोलीत झाली. तोवर ताईला फोनवर बसवत नव्हते, आणि शलाकाने तिला अजून काही सांगितलं नव्हतं. इनामदार नावाचे अधिकारी आले होते. सागरने तक्रार केली नव्हती. गाडी पोचायला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागला आणि रुग्ण गेला, तर चौकशी नियमानेच होत असे. एका बाजूला ताई आणि दाजी बसले होते, समोर देशमाने आणि शलाका.

फोनची टेप वाजवली. ताईने ती मान खाली घालून ऐकली. तिसऱ्या प्रश्नाला तिने मान वर केली आणि टेपकडेच पाहत राहिली, जणू बोलणारी बाई कोण ते तिला ओळखायचं होतं.

इनामदारांनी देशमान्यांना विचारलं, “तुमच्याकडे वेळ मोजायचं साधन आहे. यात आधी काही दिसलं होतं?”

देशमान्यांनी कागद चाळले. “एक सूचना होती. गोंगाट म्हणून बंद झाली.”

“कुणी केली?”

कागदावर नाव होतंच. तरी देशमान्यांनी ते वाचायच्या आधी शलाका उभी राहिली.

“मी केली. गोंगाट नव्हता. उशीर सतरा नंबरचा आहे आणि तो कशामुळे असू शकतो, हे मला कळलं होतं. डॉक्टरांनाही विचारलं होतं. मी मूळ चाल बदलून सूचना मिटवली.”

“सतरा नंबर कोण, ते तुम्हाला माहीत होतं?”

“माझी बहीण आहे.”

इनामदारांनी लिहिणं थांबवलं. दाजींनी ताईच्या हातावर हात ठेवला. ताईने तो हलकेच बाजूला केला.

बाहेरच्या व्हरांड्यात दोघी बहिणी एका बाकावर बसल्या. ताईला आधी आजाराचं विचारायचं असेल असं शलाकाला वाटत होतं. आईसारखंच का, किती वर्षं आहेत, उपचार काय. उत्तरं तिने तयार ठेवली होती.

“कधी कळलं तुला?” ताईने विचारलं.

“सूचना मिटवली त्याच्या तीन दिवस आधी. मंगळवारी.”

ताईने मनातल्या मनात हिशेब केला. तो करायला तिला वेळ लागला नाही. “म्हणजे त्या बाईच्या आधी तीन आठवडे.”

“ऋतुजाचं लग्न होतं ताई. मला वाटलं…”

“तुला काय वाटलं ते राहू दे. तीन आठवडे मी त्या खुर्चीवर बसत होते आणि तू मला बसू दिलंस.” ताईचा आवाज चढला नव्हता. फोनवर बोलायची तसा सपाट होता. “मला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी उठले असते शलू. लग्न मोडलं असतं तरी उठले असते. एकोणीस वर्षं मी काय करत होते, ते तुला ठाऊक नव्हतं होय?”



*

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. शलाकाने राजीनामा दिला, कंपनीने तो त्याच दिवशी घेतला. ‘निकष’ कंपनीकडेच राहिला. इनामदारांच्या अहवालात दोन शिफारशी होत्या. गाळाचा रकाना दर आठवड्याला वाचावा, आणि तो मिटवायची मुभा कुणालाही असू नये. दोन्ही मान्य झाल्या. चूक म्हणून एकीकडेही बोट दाखवता येत नव्हतं.

पण तो रकाना एकदा उघडल्यावर रुग्णवाहिकांपुरता राहिला नाही. सहा महिन्यांत बसचालकांना लागू झाला, मग परिचारिकांना, क्रेन चालवणाऱ्यांना, मग बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्यांना. जिथे माणूस पडद्याला हात लावतो तिथे त्याची चाल मोजता येत होती. चाल बदलली की पत्र येई. काहींना त्यामुळे वेळेत उपचार मिळाले. डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात बसायला जागा मिळेना. आणि बऱ्याच जणांची फक्त झोप मोडलेली होती, घरात भांडण होतं किंवा चष्म्याचा नंबर वाढला होता. त्यांनाही पत्र गेलं आणि खरं कारण कळेपर्यंत त्यांच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं होतं. लोक कामावर पहिल्याच दिवशी मुद्दाम सावकाश बोटं चालवू लागले. पुढे मंदावलोच तर कळू नये म्हणून. मुलगी बघायला जाताना तिच्या आईवडलांच्या चालीचे आकडे मागायची पद्धत पडली.

शलाका मिरजेच्या एका कॉलेजात शिकवू लागली. तिथेही हजेरीचा पडदा होता. तिची स्वतःची रेघ कशी आहे ते मागून बघता येत होतं. तिने ती कधी मागितली नाही.

ताईची सलाइन सुरू झाली होती. चौकशीनंतर दोन महिने ती शलाकाशी बोलली नाही. मग एका शनिवारी सकाळी तिने स्वतःहून फोन केला.

“गाडी घेऊन ये. लिंगनूरला जायचंय.”

“कशाला ताई?”

“मला अजून आठवतंय तोवर जाऊन येऊ.”

चौगुल्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. सागर चाकणची नोकरी सोडून आला होता. त्याच्या आईने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली. ताईने पाण्याला हात न लावता आपण कोण ते सांगितलं. आजाराचं सांगितलं. सत्तर सेकंदांचं आणि आरगच्या गाडीचं सांगितलं. मग शलाकाने आपलं सांगितलं.

सागर दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

“मला पत्र आलं होतं,” तो म्हणाला. “‘प्रतिसादात विलंब’ असं लिहिलेलं. तो विलंब म्हणजे तुम्ही होय.”

“होय,” ताई म्हणाली.

“मी तुमच्यावर ओरडलो होतो.”

“टेपवर ऐकलं.”

“मला इतके दिवस वाटत होतं, मी ओरडलो म्हणून तुम्ही घाबरला आणि त्यानं उशीर झाला. शांतपणे बोललो असतो तर गाडी वेळेत आली असती.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “आईलासुद्धा हे सांगितलं नाही मी.”

“तुमच्या ओरडण्यानं काही झालं नाही,” ताई म्हणाली. “उलट तुम्ही ओरडलात तेव्हाच मी जागी झाले.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. शेवटी सागर उठला, दारापर्यंत आला आणि म्हणाला, “आलात ते बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका.”

गाडीत बसल्यावर ताईने पट्टा लावला आणि शलाकाला गाडी सुरू करू दिली नाही.

“ऐक. पुढं कधीतरी मी हे विसरेन आणि पुन्हा त्यांच्या घरी जाऊ म्हणेन. तेव्हा मला सांगायचं, आपण जाऊन आलोय. ते काय म्हणाले तेही सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही लपवायचं नाही.”

“नाही लपवणार.”

“शब्द दे.”

शलाकाने शब्द दिला.

*

ताईने पहिल्यांदा विचारलं ते तीन वर्षांनी. डॉक्टर म्हणत होते, तीन वर्षं म्हणजे चांगलीच साथ दिली औषधाने. दुपारी दोघी शेंगा फोडत बसल्या होत्या. ताई थांबून म्हणाली, “शलू, माझ्या फोनवर एक बाई गेली होती ना गं? तिच्या घरी जायला हवं आपण.”

शलाकाने सगळं सांगितलं. ताईने ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला, आणि संध्याकाळपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सकाळी उठली तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. पंधरा दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. मग आठवड्याने.

दाजी शलाकाला बाहेर अंगणात घेऊन गेले. ते फार थकले होते. “नको गं सांगूस आता. ती बाई हिच्यासाठी दर वेळी नव्यानं मरतीय. म्हणावं, गाडी वेळेत पोचली, बाई बरी आहे. हिला खरं वाटेल.”

“मी शब्द दिलाय दाजी.”

“ज्या उज्ज्वलाला दिलास ती आता राहिलीय का?”

शलाका त्यावर दोन दिवस विचार करत राहिली. दाजींचं म्हणणं तिला खोटं ठरवता येईना. तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा ताई खिडकीशी बसली होती. शलाकाला पाहताच म्हणाली, “बरं झालं आलीस. एक बाई गेली होती ना माझ्या फोनवर?”

दाजी दारात उभे होते. त्यांनी मान हलवून नको म्हणून खुणावलं.

“होय,” शलाका म्हणाली. “मेघा चौगुले. लिंगनूरची.”

दाजी आत निघून गेले. शलाकाने पुढचं सांगितलं, सत्तर सेकंद, आरगची गाडी, सागर काय म्हणाला ते. ताईचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले.

“पण मला हे दुखणं आहे ते कळल्यावर मी उठले ना लगेच? बसून नव्हते ना राहिले?”

“तुला कळलंच नव्हतं ताई. मला कळलं होतं.”

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या लहान मुलीला विचारावं तसं तिने विचारलं, “मग तू का नाही सांगितलंस?”

शलाकाने खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.